आठ हजारांच्या पुढे

चिप कुरिअरने आली. तुरीच्या दाण्याहून जेमतेम मोठी.
तिला वीस पाय, आणि दोन पायांच्या मधून
शिवणाचा दोराच काय तो जाईल.
डाळमिलमध्ये मी शंभर अश्वशक्तीच्या मोटारी जोडतो,
अंगठ्याएवढ्या केबली, पान्याने आवळायच्या.
असलं नाजूक काम या हातांनी
कधी पाहिलं नव्हतं.

सराफ बाजारातून भटू विसपुतेचं
डोळ्यात धरायचं भिंग मागून आणलं.
देताना म्हणाला, डाख कमी लाव.
नवशिका डाखाने जोडतो, जाणता तापाने.

मे महिना. जळगाव शेहेचाळीसवर.
पंखा लावला तर जोड अर्धाच धरतो,
बंद केला तर कपाळाचा घाम थेट सर्किटवर.
अडीच तास राळेचा धूर गिळला.
सातवा आणि आठवा पाय एकमेकांना बिलगले होते,
तांब्याच्या वेणीने डाख शोषून
त्यांची सोडवणूक केली.

वरून शेवेचा रिकामा डबा. झाकणावर मोर.
मोराच्या डोळ्यात भोक पाडून लाल दिवा बसवला.
दिवा लागला.
आवाज नाही.

मग रात्री. मिलमधून आलं, जेवलं,
मल्टीमीटरच्या दोन सुया घेऊन बसलं.
एका रात्री उजवा कान बोलला.
डावा चार दिवसांनी:
तार दिसायला जोडलेली, आत सुटलेली.
आणि दोन्ही बोलू लागले तर मागून घूं,
सगळ्या गाण्यांच्या तळाशी तीच घूं,
मिलमधली, जशीच्या तशी,
माझ्या मागे सायकलवर बसून घरी आलेली.

डब्यावर बोट ठेवलं की कमी व्हायची.
म्हणजे अर्थिंग.
आत जमिनीकडे जायला दोन वाटा होत्या, एक तोडली.
तरी थोडी उरलीच.
घरामागे अर्थिंगचा खड्डा, मीठ-कोळसा घालून
मीच पुरलेला, बारा वर्षांपूर्वी.
माती हाताने भुरभुर उडाली.
नळाला पाणी तिसऱ्या दिवशी येतं,
त्यातल्या दोन बादल्या तिथे ओतल्या.
बायको दारातून बघत होती.
"लोखंडले पानी पाजी ऱ्हायनात का?
त्याले काय केळं लागतीन?"

घूं गेली. खरंच गेली.
राहिली एक बारीक शिट्टी,
दूरच्या कुकरसारखी, न थांबणारी.
कपॅसिटर बदलले. पुन्हा बदलले.
ट्रान्सफॉर्मर काढून बॅटरीवर चालवून पाहिलं.
शिट्टी तिथेच.
शेवटी बायकोला बसवलं, हेडफोन तिच्या डोक्यावर,
अंबाड्यामुळे नीट बसेना.
"काय ऐकू येतं?"
तिने डोळे मिटले. बराच वेळ.
"काहीच नही. गार वाटस."

मी डब्याची पिन उपटली.
मोराचा डोळा विझला.
शिट्टी चालू होती.

सव्वीस वर्षं डाळ फोडणाऱ्या चक्क्यांशेजारी
कानात कापसाचा बोळा,
तोही आठवलं तर.

रविवारी यामिनी म्हणाली, बाबा, मोजून तर बघू.
खालून वर चढत जाणारा एक सूर लावला.
हेडफोनची एक वाटी तिच्या कानाला, एक माझ्या.
ऐकू येईल तोवर बोट वर.
शंभर. पाचशे. दोन हजार.
दोघांची बोटं वर, शाळेतल्यासारखी.
सहा हजारांवर तो सूर माझ्या शिट्टीजवळून गेला,
एकाच रस्त्यावरच्या दोन बैलगाड्यांसारखा,
आणि आठ हजारांच्या आसपास
मी बोट खाली घेतलं.

तिचं वरच.
मोबाइलवर आकडे पळत होते, दहा, अकरा, तेरा,
माझ्याकडे नुसती माझी शिट्टी,
आणि ती भुवया किंचित उचलून
माझ्या डब्यातून येणारं
काहीतरी ऐकत होती.
मी बोटाकडे बघत राहिलो.
अजून वर होतं.